मेथीचं लुगडं

सासूबाईंनी "कसं काय जावईबापू, बरं हाय न्हवं?" असं विचारलं, की शहाण्या जावयानं "बरं हाय" म्हणावं आणि पाण्याचा तांब्या पुढे करावा. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या चनबसप्पालाही ही रीत ठाऊक होती आणि लग्न झाल्यापासून एकवीस वर्षं त्यानं ती निष्ठेनं पाळली होती. पण त्या वैशाखात वळसंगहून आलेल्या मल्लव्वांनी टांग्यातून उतरता उतरता हा प्रश्न टाकला, तेव्हा चनबसप्पाचं मन जाग्यावर नव्हतं आणि तोंडातून खरं तेच निघून गेलं.

"उजवा गुडघा जरा ठणकतोय," तो म्हणाला.

पुढचं सगळं या चार शब्दांतून निघालं.

(मन जाग्यावर नव्हतं, हे आपलं म्हणायची पद्धत म्हणून म्हटलं. ते जाग्यावर कधी नसायचंच.) चनबसप्पा जातीचा विणकर. घराच्या पुढच्या खोलीत त्याचा माग होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी खालच्या फळ्या दाबायच्या, हातांनी धोटा इकडून तिकडे फेकायचा. हातपाय असे कामाला लावून दिले की चनबसप्पा स्वतः मोकळा व्हायचा. खिडकीतून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात कापसाची बारीक कुसं तरंगायची, आणि त्या कुसांबरोबर तोही कुठंतरी निघून जायचा. बायको जेवायला हाक मारायची. तिसऱ्या हाकेला तो परत यायचा आणि विचारायचा, "आज वार कोणता?"

शहरावरचा तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्ष होत आलं होतं, पेठेत पुन्हा लग्नाचे मांडव पडायला लागले होते, आणि त्यात चनबसप्पाच्या एकुलत्या एका लेकीचंही, दाक्षायणीचं, लग्न ठरलं होतं. स्थळ अक्कलकोटचं, माणसं चांगली. आता चनबसप्पाच्या घरात आजा-पणजापासून एक रीत चालत आली होती. लेकीनं लग्नात नेसायचं लुगडं बापानं स्वतः विणायचं. दुसऱ्या कुणाचा पाय त्या मागाला लागू द्यायचा नाही. रीत मोडली म्हणून पोलीस धरत नव्हते, पण पेठेतल्या बायका जन्मभर आठवण करून देत, आणि ते पोलिसांपेक्षा वाईट.

चनबसप्पा ते लुगडं तीन वर्षं विणत होता. मनात. रंग वांगी, काठ डाळिंबी, आणि काठात जे यायचं होतं ते कुणाच्या काठात आजवर आलेलं नव्हतं. सकाळी वारा नसला की सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यात उलटं उभं राहतं. एखादा मासा वर आला की पाण्यातलं शिखर जरासं हलतं. ते हललेलं शिखर त्याला सुतात धरायचं होतं. वर एक शिखर सुलटं, खाली एक उलटं, आणि खालच्याला किंचित थरथर. (मासा मात्र वगळायचा होता. घर शाकाहारी.)

"मनातलं लुगडं नेसून पोरगी मांडवात कशी बसायची?" गौरम्मा, म्हणजे त्याची बायको, अधूनमधून विचारायची. "शरणप्पा भाऊजी म्हनत होते, त्यांच्या मागावर एक तयार हाय. चांगलं हाय."

शरणप्पा हा शेजारचा चुलतभाऊ. स्वप्नं वगैरे काही न बघणारा, सरळ माणूस. आठवड्याला दोन लुगडी मागावरून उतरवायचा. त्याचं लुगडं नेसून दाक्षायणी मांडवात बसली, हे चित्र चनबसप्पाच्या डोळ्यांपुढे आलं की बाकीची सगळी चित्रं पुसली जायची. त्याला खरोखर रडू यायचं. लेक घरातून चाललीच होती. निदान बापाचं काहीतरी अंगावर घेऊन जावी, एवढीच त्याची इच्छा होती.

आणि नेमका आता गुडघा. तीस वर्षं फळ्या दाबून दाबून तो उजवा गुडघा एकदाचा रुसला होता. फळी दाबली की आत कुणीतरी सुई फिरवायचं.

मल्लव्वांनी टांग्यातून आपलं बोचकं काढलं. लग्नाला पंधरा दिवस होते. चार दिवस राहून, कामाला हात लावून परत जायचं, आणि लग्नाला पुन्हा यायचं, असा त्यांचा बेत होता. गुडघ्याचं ऐकल्यावर त्यांना कामच सापडलं.

"मेथ्या," त्या म्हणाल्या. "दुसरं औषध न्हाय. आमच्या आईचा गुडघा मेथ्यांनी बरा झाला. आमच्या बैलाचाबी झाला."

बोचक्यात रानातल्या पायलीभर मेथ्या निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून चनबसप्पाचा संसार मेथीमय झाला. पहाटे भिजवलेल्या मेथ्या चावायच्या, दुपारी मेथीची भाजी, संध्याकाळी मेथीचा लाडू, आणि दिवसातून दोन वेळा भिजवून वाटलेल्या मेथ्यांचा जाड लेप गुडघ्यावर. तिसऱ्या दिवशी तो गल्लीतून निघाला तेव्हा दारातली पोरं आईला विचारायला लागली की आज आपल्याकडे मेथीची भाजी आहे का. चनबसप्पाला स्वतःला मात्र वास येईनासा झाला. माणसाला कशाचीही सवय होते. सासूबाईंच्या हातानं तर लवकर होते.

चौथा दिवस पांजणीचा ठरला होता. पांजणी म्हणजे ताण्याला खळ लावणं. लुगड्याचं उभं सूत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधायचं, जोंधळ्याच्या पिठाची शिजवलेली खळ कुंच्यानं त्यावर फिरवायची आणि ऊन चढायच्या आत वाळवायचं. खळ बसली की सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. तांबडं फुटायच्या सुमारास हे काम सुरू होतं. एकट्यानं उरकत नाही, म्हणून शरणप्पा मदतीला येणार होता. पांजणीला मदत चालायची. रीत मागावर बसण्यापुरती होती.

त्याच दिवशी दुपारी मल्लव्वा वळसंगला परतणार होत्या. आपल्यामागं जावयाच्या औषधात खंड पडू नये म्हणून उरलेल्या सगळ्या मेथ्या त्यांनी आदल्या संध्याकाळी एकदम वाटून ठेवल्या. पातेलंभर लेप झाला. पिवळट, चिकट, बोटाला तार धरणारा. गौरम्मानं खळ शिजवून ठेवली. तीही पातेलंभर. तीही पिवळट, चिकट, बोटाला तार धरणारी. दोन्ही पातेली पितळेची, गौरम्माच्या रुखवतातली जोडी. दोन्ही चुलीजवळ शेजारी शेजारी ठेवलेली.

आता पहाटेच्या अंधुक उजेडात चुलीजवळ गेलेला माणूस चनबसप्पा नसता, तर हे लिहावं लागलं नसतं. त्याच्या डोळ्यांपुढे त्या वेळी तळं होतं. तळ्यातलं शिखर थरथरत होतं. एवढ्या नाजूक वेळी पातेल्यात नाक घालून बघायचं कुणाला सुचतं? त्यानं हाताला लागलं ते पातेलं उचललं आणि बाहेर आला.

"खळ आज जरा भरड वाटतिया, अण्णा," कुंचा फिरवता फिरवता शरणप्पा म्हणाला.

"गौरीनं नवीन दळण आनलंय."

"वास येतो काय कसला? मला आपलं कळत न्हाय." शरणप्पा जन्माचा तपकीर ओढणारा. त्याच्या नाकाला तपकिरीखेरीज जगात काही उरलं नव्हतं.

"माझ्या गुडघ्याचा असंल," चनबसप्पा म्हणाला.

तेवढ्यावर दोघांचं समाधान झालं आणि नऊवारी लुगड्याच्या उभ्या सुताला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरून आणि खालून, मल्लव्वांचं औषध लागलं.

काम उरकून चनबसप्पा लंगडत आत आला. मल्लव्वा जायच्या घाईत होत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, आणि सबंध संध्याकाळ मेथ्या वाटल्यामुळे नाकात दुसरा वास शिरायला जागा नव्हती. चुलीशेजारी पातेलं होतं. त्यांनी हात घातला, चिकट लागलं.

"जावईबापू, जाताना घट्ट बांधून जाते," त्या म्हणाल्या. "म्हंजी चार दिवस बगायला नको."

जुन्या धोतराच्या पट्ट्या पातेल्यात बुडवून त्यांनी मांडीपासून पोटरीपर्यंत सात वेढे दिले. वर आणखी एक हात लेप फिरवला. मग जावयाला अंगणात निंबाखाली निजवलं, डोकं सावलीत आणि पाय उन्हात.

सोलापूरचं वैशाखातलं ऊन. त्यात पापड घातले तर ते काढायला जाईपर्यंत वाळतात. चनबसप्पाचा डोळा लागला.

त्याला दिसलं की तो तळ्याच्या मधोमध पाण्यावर पडलेला आहे आणि बुडत नाही. खाली देऊळ उलटं लटकलंय. वांगी रंगाचं पाणी काठाकडे सरकतं आहे आणि काठाला पोचलं की डाळिंबी होतं आहे. दाक्षायणी पाण्यावरून चालत येते, तिच्या लुगड्याचा पदर मागं लांबच लांब पसरलाय, आणि तिच्या पायांचा आवाज होत नाही. ती लहान होते, परत मोठी होते. "अप्पा, हे तुमीच विणलं?" ती विचारते. "व्हय," तो म्हणतो, आणि उठून तिच्याजवळ जायला बघतो. पण त्याचा उजवा पाय म्हणजेच देवळाचं शिखर आहे. शिखर कसं वाकणार? ती पुढं पुढं जाते आणि तो आपला तसाच, एक पाय आभाळाकडं करून, पाण्यावर पडून राहतो.

जाग आली तेव्हा पाय खरोखरच वाकत नव्हता.

त्यानं जोर लावून बघितला. हातानं ओढून बघितला. पाय नव्या लाकडी खांबासारखा सरळ होता, आणि वर बोटानं टकटक केली तर टकटक वाजत होता.

"आत्याबाई," त्यानं हाक मारली. "पाय वाकत न्हाय."

मल्लव्वा बोचकं हातात घेऊन बाहेर आल्या. "दुखतंय का?"

चनबसप्पानं विचार केला. जो सांधा हलतच नाही तो दुखणार कसा? "न्हाय," त्याला कबूल करावं लागलं.

"मग?" मल्लव्वांनी गौरम्माकडे बघितलं. "चार दिवसांत गुण आला. गौरे, बग. तुमचा त्यो सायेब डागदर देतो का असला गुण?"

चनबसप्पाला धरून उभं केलं. एक पाय सरळ पुढं टाकत, गोल फिरवत, तो अंगणभर चालला. शेजारपाजारचे गोळा झाले. शरणप्पाच्या म्हाताऱ्या आईनं आपलेही दोन्ही गुडघे पुढे केले आणि मल्लव्वांनी तिला पातेल्यातलं उरलेलं औषध वाटीत काढून दिलं. आनंदीआनंद होता. फक्त एवढंच, की मागाच्या खड्ड्यात पाय न वाकवता उतरायचं कसं, हा प्रश्न चनबसप्पाच्या मनात हळूहळू उजेडात येत होता. तो त्यानं तोंडानं विचारला नाही, कारण सासूबाई खूश होत्या.

इतक्यात गल्लीतून मायाक्काचा आवाज आला. मायाक्का धनगरीण, पेठेत शेळीचं दूध घालायची.

"आगं गौरम्मा, भाईर ये की! माझी शेळी तुज्या सुताला चाटतिया. वढली तरी येईना."

सगळे बाहेर धावले. (चनबसप्पा धावला नाही. तो गोल गोल आला.) ताणा वाळला होता. शेळी डोळे मिटून, मोठ्या भक्तीनं, एका टोकाचं सूत चाटत होती. गौरम्मानं सुतावर हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि तडक घरात गेली. परत आली ती रिकामं पातेलं घेऊन. ते तिनं आईच्या नाकाखाली धरलं. मग नवऱ्याच्या पायाजवळ वाकून वास घेतला.

"हितं जोंधळ्याची खळ हाय," ती म्हणाली, "आनि तितं आईच्या मेथ्या."

सगळ्यांनी आधी सुताकडे बघितलं, मग चनबसप्पाच्या पायाकडे. शेळी तेवढी चाटत होती.

"अण्णा," अखेर शरणप्पा हळूच म्हणाला, "आईला वाटी दिली ती कसली?" आणि उत्तराची वाट न बघता घराकडे पळाला.

गरम पाण्याच्या चार घागरी ओतल्यावर चनबसप्पाची खळ सुटली. तिच्याबरोबर पायावरचे केस सुटले. ठणका मात्र कुठंच गेला नव्हता; खळीच्या आत तो बसून होता, तसाच बाहेर आला.

संध्याकाळी शरणप्पा परत आला. त्याचं मन वाईट नव्हतं. "रंगवलेलं दुसरं सूत न्हाय, दिवस अकरा ऱ्हायलेत, गुडघा हा असा," तो म्हणाला. "अण्णा, माझं लुगडं न्या. कुणाला सांगायचं न्हाय आपन."

गौरम्मा खाली बघत होती. चनबसप्पाही खाली बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं मन पूर्णपणे जाग्यावर होतं आणि ते फार दुखत होतं. आपण तीन वर्षं विणत होतो ते काय विणत होतो, असं त्याला वाटलं.

"मी हेच नेसनार," दाक्षायणी दारातून म्हणाली. "अप्पांनी इणलेलं."

"आगं, भाजीचा वास मारतोय त्याला," गौरम्मा म्हणाली.

"मारू दे की."

एवढंच बोलून ती भाकरी थापायला आत गेली. चनबसप्पानं उपरण्यानं डोळे पुसले आणि ताणा मागावर चढवायला घेतला.

जायचं राहून गेलेल्या मल्लव्वा माघार घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. "सारं औषध ताण्यावर गेलंय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग त्याच्याच खाली गुडघे घालून बसायचंय तुमाला. वाफ तरी लागंल."

पुढचे नऊ दिवस चनबसप्पा मेथीच्या मांडवाखाली बसला. ठणक यायची, दात आवळून तो फळी दाबायचा. आणि एक नवल झालं. तो कुठं गेला नाही. तिरिपेत कुसं तरंगत राहिली आणि तो मागावरच राहिला, धोट्यागणिक शिखर उभं करत. वर एक, खाली एक. खालच्याची थरथर साधायला त्याला दुहेरी सूत घालावं लागलं, काठ जरा जाड झाला, पण साधली. नवव्या दिवशी लुगडं उतरलं तेव्हा गुडघा बराच हलका झाला होता. मेथ्यांनी, की हट्टानं, की सासूबाई वळसंगला गेल्यामुळं, हे त्याला कधी कळलं नाही.

लग्न थाटात झालं. लुगड्याचा वास पहिल्या धुण्यात जाईल, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. पण लग्नात कोरं लुगडंच नेसतात. नवरी मांडवात आली आणि मांडवभर मेथी दरवळली. अक्षता पडेपर्यंत पाहुणे नाक वर करून सैपाकघराकडे बघत होते. पंगतीत गव्हाची गोड हुग्गी वाढली, तूप वाढलं, तरी अक्कलकोटची चार म्हातारी माणसं हात आवरून बसली. गौरम्मानं कारण विचारलं, तर म्हणाली, "मेथीची भाजी येऊ दे की. वास कवाचा येतोय."

काठाकडं कुणी बघितलं नाही. चनबसप्पा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता आणि प्रत्येकाच्या नजरेकडं बघत होता. नजरा नवरीच्या तोंडाकडं जायच्या, दागिन्यांकडं जायच्या, मग नाकाच्या मागं सैपाकघराकडं जायच्या. शिखरापर्यंत एकही खाली उतरली नाही.

श्रावणात पंचमीला दाक्षायणी माहेरी आली. जेवण झालं, सासरच्या गोष्टी झाल्या, म्हशीचं नाव सुद्धा सांगून झालं. चनबसप्पा मागावर बसून एकेक धोटा टाकत होता आणि वाट बघत होता. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही.

"ते... लुगडं," तो म्हणाला.

"आगं बया, सांगायचंच ऱ्हायलं," दाक्षायणी म्हणाली. "सासूबाई लई खूश हायत त्याच्यावर."

चनबसप्पानं माग थांबवला. डोळे मिटले. "सावकाश सांग."

"रोज पेटीतनं काढत्यात. मला हात लावू देत न्हाईत. गल्लीतल्या बायका बगायला येत्यात. हातात घेत्यात, कपाळाला लावत्यात."

मिटल्या डोळ्यांपुढे तळं आलं. वारा पडला होता. पाणी अगदी स्थिर होतं.

"काठाचं काय म्हनाल्या?"

"काठाचाच निरोप दिलाय तुमाला."

"सांग."

"म्हनाल्या, रातीला गुडघ्याला गुंडाळून निजलं की सकाळी ठणका म्हनून ऱ्हात न्हाय. धुऊबी देत न्हाईत, गुण जाईल म्हनून. पर काठ लई टोचतो. आनि चौघीजनींनीबी मागितलंय, त्यांचं इणताना बिनकाठाचं इणा. नुसत्या हातभर पट्ट्या इणल्या तरी चालत्यात."

चनबसप्पानं डोळे उघडले नाहीत.

"आवं," सैपाकघरातून गौरम्मानं विचारलं, "ऐकलं का? मग मेथ्या किती भिजत घालू?"